आजारी पडण्याआधी जीपीकडे नाव घाला

नमस्कार श्रोतेहो. सप्टेंबर आला की लेस्टर, कोव्हेंट्री, लीड्सच्या विद्यापीठांत पुण्या-मुंबईची, नाशिक-नागपूरची मुलं उतरू लागतात. रेडिंग, मिल्टन कीन्सकडे नोकरीनिमित्त नवी कुटुंबं येतात. घर मिळतं, बँकेत खातं उघडतं, मोबाइलचं कार्ड सुरू होतं, कोथिंबीर नि कढीपत्ता कुठे मिळतो तेही कळतं. डॉक्टरचं तेवढं ‘लागेल तेव्हा बघू’ म्हणून राहून जातं. मी इंग्लंडमधल्या एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर काम करते. काउंटरपलीकडे तापाने फणफणलेलं माणूस उभं असतं आणि त्याचं नाव कुठेच नोंदवलेलं नसतं, हे मी वारंवार पाहते. म्हणून आज कळकळीने सांगायला आले आहे.

आपल्याकडे ताप आला की नाक्यावरच्या दवाखान्यात जायचं, बाकावर बसायचं, नंबर लागला की आत. अंगावर चट्टा उठला तर थेट स्किनवाल्या डॉक्टरकडे. इथे 1948 साली एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली तेव्हापासून बहुतेक सगळं जीपीमार्फत चालतं. रक्ततपासणी असो, हृदयरोगतज्ज्ञ असो की शुगरच्या कायमच्या गोळ्या, चिठ्ठी तिथूनच निघते. त्यामुळे धडधाकट असतानाच नाव घालून ठेवायचं. नोंदणीला एक पेनी लागत नाही. शिवाय तुमच्यापैकी बहुतेकांनी व्हिसाच्या अर्जाबरोबर हेल्थ सरचार्ज भरलेला आहे: विद्यार्थ्याला वर्षाला 776 पौंड, नोकरीवर येणाऱ्या प्रौढ माणसाला 1,035 पौंड. एवढे पैसे भरून वर क्रोसिनच्या पाकिटावर दिवस काढायचे कशाला?

एनएचएसच्या संकेतस्थळावर आपला पोस्टकोड टाकला की जवळच्या सर्जरी दिसतात. अर्ज तिथेच ऑनलाइन भरता येतो, नाहीतर सर्जरीत येऊन ‘जीएमएस-1’ नावाचा फॉर्म मागा. कागदांवरून फार गोंधळ होतो. आम्ही पासपोर्ट, घराचा करार मागतो, कारण त्याने जुनं रेकॉर्ड जुळवणं सोपं जातं. पण ते नाहीत म्हणून नोंदणी नाकारता येत नाही, असा इंग्लंडमधला नियम आहे. मित्राच्या घरी सोफ्यावर राहत असाल तरी नाव घालता येतं. तुम्ही सर्जरीच्या हद्दीबाहेर राहत असाल किंवा नव्या पेशंटसाठी तिची यादी बंद असेल तर सर्जरी नाही म्हणू शकते, पण तेही 14 दिवसांत लेखी कारण देऊन. नुसतं तोंडी ‘नाही’ ऐकून परत फिरू नका.

आता नावाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण आपल्या मराठी माणसांची अडचण नेमकी इथे होते. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर पहिली दोन एकाच रकान्यात असतात. मुलगी सर्जरीत एक नाव सांगते, हॉस्पिटलात घाईत वडिलांचं नाव आडनावाच्या जागी पडतं, आणि संगणकाला वाटतं या दोन वेगळ्या बायका आहेत. मग रक्ताचा रिपोर्ट एका नावावर जातो आणि डॉक्टर दुसरं नाव उघडून बसलेले असतात. तेव्हा सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने नाव द्या. नोंदणी झाल्यावर दहा आकडी एनएचएस नंबर मिळेल, तो फोनमध्ये जपून ठेवा.

औषधांचंही तसंच. गावाकडून आणलेल्या गोळ्यांचं ब्रँडचं नाव इथल्या डॉक्टरला सांगून उपयोग नसतो. पाकिटावर बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम छापलेलं असतं. एल्ट्रॉक्सिन घेत असाल तर खाली थायरॉक्सिन दिसेल, ग्लायकोमेटखाली मेटफॉर्मिन. पाकिटाचा फोटो काढून आणा, आणि गोळ्या संपायला महिना उरला असतानाच या.

आता आत, खोलीत, कोण भेटतं त्याबद्दल. बरेच जण बाहेर येऊन मला हळूच विचारतात, ‘आम्हाला शिकाऊ डॉक्टरकडे का पाठवलं?’ त्या खोलीवर ‘जीपी रजिस्ट्रार’ अशी पाटी असते. श्रोतेहो, हा रजिस्ट्रार विद्यार्थी नाही, जीपी होण्याचं प्रशिक्षण घेणारा डॉक्टर आहे. इथे वैद्यकीय महाविद्यालयात साधारण पाच वर्षं शिकायचं, मग पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची दोन वर्षं फाउंडेशनची, एफ-1 आणि एफ-2. पहिल्या वर्षी जनरल मेडिकल कौन्सिलची, म्हणजे डॉक्टरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची, तात्पुरती नोंदणी असते, ते पार पडलं की पूर्ण नोंदणी. त्यानंतर जीपी व्हायचं असेल तर आणखी तीन वर्षं प्रशिक्षण आणि परीक्षा. म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या रजिस्ट्रारने पदवीनंतर हॉस्पिटलच्या वॉर्डात रात्री जागून काढलेल्या असतात. आपल्याकडून एमबीबीएस करून, परदेशी डॉक्टरांसाठीची प्लॅबची परीक्षा देऊन आलेले कित्येक मराठी डॉक्टरही याच वाटेने जीपी होतात. रजिस्ट्रारच्या मागे एक अनुभवी जीपी असतो, अडलं तर त्याला विचारता येतं. आणि अपॉइंटमेंट बहुधा जास्त वेळेची मिळते. मुरलेल्या जीपीकडे दहा मिनिटं, तर नव्या रजिस्ट्रारकडे वीस किंवा त्याहून जास्त. घरातल्या कुणाची तक्रार गुंतागुंतीची असेल तर मी स्वतः रजिस्ट्रारची वेळ घेते. त्यात तोटा एवढाच की ते काही महिन्यांनी दुसरीकडे जातात. मधुमेह, दमा असं कायमचं दुखणं असेल तर सर्जरीत टिकून असलेला एक डॉक्टर धरा आणि दर वेळी त्याचंच नाव सांगा.

तपासणीच्या वेळी खोलीत खराखुरा वैद्यकीय विद्यार्थी बसणार असेल तर आधी विचारलं जातं, आणि नको म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. त्याने उपचारात काही फरक पडत नाही.

हॉस्पिटलात एफ-1 पासून थेट कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ, व्हायच्या आधीपर्यंतच्या सगळ्यांना पूर्वी सरसकट ‘ज्युनियर डॉक्टर’ म्हणत. दहा वर्षं शस्त्रक्रिया केलेला माणूसही ज्युनियर! सप्टेंबर 2024 पासून इथे ‘रेसिडेंट डॉक्टर’ म्हणतात. मार्डच्या संपाच्या बातम्यांमुळे आपल्याला ‘निवासी डॉक्टर’ माहीतच आहेत, तेच हे.

सर्जरीत भेटणारे सगळे डॉक्टर नसतात, हेही लक्षात ठेवा. नर्स असते, फार्मासिस्ट असतो, फिजिशियन असोसिएट असतो, त्याला 2025 पासून फिजिशियन असिस्टंटही म्हणतात. हा असोसिएट डॉक्टर नाही, तो डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करतो. त्यांनी स्वतःहून ओळख सांगायला हवी, पण नाही सांगितली तर ‘आपण डॉक्टर आहात का?’ असं सरळ विचारा. यात उद्धटपणा काही नाही. डॉक्टरांची नोंद मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत पाहता येते, तो जीपी म्हणून नोंदलेला आहे का तेसुद्धा.

शेवटी आई-बाबांबद्दल. ते सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येतात. तीन महिन्यांपेक्षा कमी राहणार असतील तर त्यांची तात्पुरती नोंदणी होते आणि जीपीने तपासायचे पैसे पडत नाहीत. हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं तर मात्र बिल येतं, आणि ते एनएचएसच्या दराच्या दीडपट असतं. प्रवासाचा विमा काढल्याशिवाय त्यांना विमानात बसवू नका.

आणि त्यांना मराठीच सोयीची असेल तर नातवाला दुभाषा म्हणून बसवू नका. आजी अंगावरून जाण्याबद्दल त्या पोरासमोर कशी बोलणार? ती गुडघेदुखी सांगून उठते, हे मी पाहिलं आहे. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी इंटरप्रिटर हवा’ असं सांगा. तो बहुतेक वेळा फोनवर असतो, त्याचे पैसे सर्जरी तुमच्याकडून घेत नाही, आणि त्याच्यासाठी दुप्पट वेळेची अपॉइंटमेंट मागा, कारण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. त्यात आजीचं म्हणणं पूर्ण होतं. नमस्कार.