बॅकअप आहे, रिस्टोअर केला होता का?

३१ जानेवारी २०१७. रात्री उशिरा प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या संकेतस्थळाचा एक अभियंता, मुख्य डेटाबेसच्या मागे पडलेली दुय्यम प्रत नव्याने जुळवून घेण्यासाठी, तिची डेटा डिरेक्टरी पुसायला निघाला होता. मात्र त्याने दिलेली आज्ञा मुख्य सर्व्हरवरच चालली. एक-दोन सेकंदांत चूक ध्यानात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते.

डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, होऊ पाहणाऱ्यांनी खरे तर यापुढचा भाग बारकाईने पाहावा. रोजचा बॅकअप होत असणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात डेटाबेस पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीवर होता आणि बॅकअप घेणारे पीजी-डम्प ९.२ चे, त्यामुळे बॅकअप होतच नव्हता. तसे कळवणारे ईमेलही पडताळणीत नाकारले जात होते. अखेर कामी आली ती सुमारे सहा तासांपूर्वी, चाचणीच्या सर्व्हरसाठी हाताने घेतलेली प्रत. त्यानंतरच्या सहा तासांतल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीने हे काहीही लपवले नाही, उलट दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले, म्हणून आज ते शिकणाऱ्यालाही तपशिलात वाचता येते.

या क्षेत्रात येणाऱ्यांचा ओढा प्रमाणपत्रांकडे असतो. ती निरुपयोगी नाहीत. पण पहिली नोकरी बहुधा सपोर्टची, रात्रपाळीची असते आणि तिथे समोर येतात ती डिस्क भरल्याची, बॅकअप जॉब फेल झाल्याची, एका सेशनने, म्हणजे डेटाबेसच्या एका जोडणीने, दुसऱ्याला अडवून धरल्याची तिकिटे, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी. त्यासाठीचा सराव साध्या लॅपटॉपवरही होतो, कारण पोस्टग्रेस विनामूल्य आहे. एक डेटाबेस तयार करून त्याचा बेस बॅकअप, म्हणजे संपूर्ण डेटा फाइल्सची प्रत, घ्यावा आणि वॉल, म्हणजे प्रत्येक बदल डेटा फाइलमध्ये जाण्याआधी ज्यात लिहिला जातो तो लॉग, वेगळ्या जागी साठवत राहावा. मग एखादे टेबल मुद्दाम उडवून, ते उडण्याच्या एक मिनिट आधीच्या स्थितीत सारा डेटाबेस परत आणून पाहावा. किती वेळ लागला आणि कोणत्या नोंदी हुकल्या, हे वहीत लिहून ठेवावे, कारण अडचणीच्या वेळी साहेब नेमके हेच दोन प्रश्न विचारतात. ओरॅकलमध्ये याच कामाला आर्काइव्ह लॉग, तर मायएसक्यूएलमध्ये बायनरी लॉग लागतो, तत्त्व तेच.

क्लाउडमुळे हे काम संपले, असे अधूनमधून ऐकू येते. अ‍ॅमेझॉनची क्लाउडवर डेटाबेस चालवून देणारी आरडीएस सेवा स्वयंचलित बॅकअप कमाल ३५ दिवस ठेवते, हे खरेच सोयीचे आहे. मात्र व्हेअर, म्हणजे कोणत्या नोंदी ही अट, न लिहिता दिलेला डिलीट तिथेही तितक्याच निमूटपणे अमलात येतो, आणि मागच्या वेळेला नेलेला डेटाबेस जुन्या जागी न येता नव्या सर्व्हरवर उभा राहतो; त्यातला डेटा तपासणे, अ‍ॅप्लिकेशनला नवा पत्ता देणे आणि जुना सर्व्हर केव्हा बंद करायचा हे ठरवणे डीबीएकडेच राहते.