गिन्बुरा : गिन्झातली रमतगमत फेरी

नमस्कार श्रोतेहो.

जपानी भाषेत एक फार गोड शब्द आहे, ‘गिन्बुरा’. ‘गिन’ म्हणजे गिन्झा आणि ‘बुराबुरा’ म्हणजे आपलं रमतगमत, रेंगाळत चालणं. टोकियोतल्या गिन्झा या झगमगत्या बाजारपेठेत नुसतं भटकायला जाणं, याला तिथल्या लोकांनी शंभरेक वर्षांपूर्वी स्वतंत्र शब्दच घडवला. मला या शब्दाचं मोठं अप्रूप वाटतं. हिऱ्यामोत्यांच्या दुकानांसमोर उभं राहिलं की आपण बिचकतो. खिशात तेवढे पैसे नाहीत, मग आपण इथे कशाला, असं वाटतं. गिन्झाने मात्र नुसतं चालणाऱ्याला पहिल्यापासून आपलं मानलं आहे. म्हणून आज मी तुम्हाला त्या रस्त्यावरून घेऊन जाणार आहे. गाईड नको, बस नको, पायांत चांगले बूट असले की झालं.

आधी नकाशा डोक्यात बसवू. चुओ-दोरी नावाचा एक सरळ रस्ता आहे, किलोमीटरभराहून थोडा अधिक लांब. त्याला आडव्या गल्ल्या छेदतात आणि त्यामुळे भागाचे आठ तुकडे पडतात. एक-चोमे, दोन-चोमे, असं करत आठ-चोमेपर्यंत. चुकायची भीतीच नाही. जायचं शनिवारी, रविवारी किंवा सुटीच्या दिवशी, दुपारी बारानंतर. कारण तेव्हा हा सगळा रस्ता गाड्यांना बंद असतो. 1970 पासून ही प्रथा चालू आहे. लोक तिला ‘पादचाऱ्यांचा स्वर्ग’ म्हणतात. भर रस्त्यात खुर्च्या आणि छत्र्या मांडलेल्या असतात.

हा रस्ता इतका ऐसपैस कसा, याचं उत्तर एका आगीत आहे. गिन्झा या शब्दाचा अर्थ चांदीची पेढी. 1612 मध्ये तोकुगावा या तेव्हाच्या लष्करी राजवटीची चांदीची टांकसाळ इथे आली, म्हणून हे नाव. टांकसाळ पुढे हलली, नाव राहिलं, वस्ती मात्र लाकडी घरांची. 1872 मध्ये मोठी आग लागली आणि सगळं बेचिराख झालं. त्याच वर्षी शेजारच्या शिनबाशीहून योकोहामाला रेल्वे सुरू होणार होती. परदेशी पाहुणे उतरले की सगळ्यात आधी त्यांच्या नजरेला पडणार तो हा भाग. सरकारने ठरवलं, आता लाकूड नको. टॉमस वॉटर्स या इंजिनिअरला बोलावलं, रस्ता सुमारे 27 मीटर रुंद केला, दोन्ही बाजूंना विटांची घरं उभी केली. पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवली, झाडं लावली, 1874 मध्ये गॅसचे दिवे लागले. विटांच्या त्या घरांत ओल धरायची, कोंदट व्हायचं, त्यामुळे सुरुवातीला तिथे राहायला लोक नाखूश होते. 1923 च्या भूकंपात ती वस्तीही गेली. पण रुंद रस्ता आणि त्यावर फिरायची सवय, दोन्ही टिकलं.

चला, निघू या. सुरुवात एक-चोमेतल्या मागच्या गल्लीपासून करा. तिथे ओकुनो बिल्डिंग नावाची 1932 सालची इमारत आहे. भूकंपानंतर बांधलेली, तेव्हाची आधुनिक फ्लॅटची इमारत. आता तिच्या छोट्या छोट्या खोल्यांत चित्रांची दालनं आहेत. तिथली लिफ्ट आवर्जून बघा. बाहेरचं दार आपल्या हाताने ओढायचं, आत शिरायचं, मग आतली जाळी ओढून घ्यायची. दोन्ही नीट लागल्याशिवाय ती हलत नाही. वर तबकडीवरचा काटा हळूहळू सरकत मजला दाखवतो. बाहेर पडताना दोन्ही दारं आठवणीने लावायची, नाहीतर वर ताटकळलेल्या माणसाकडे लिफ्ट जाणारच नाही. मला गिन्झातल्या सगळ्या चकचकाटापेक्षा ही लिफ्ट जास्त श्रीमंत वाटते. ही दालनं पाहायला शनिवार बरा, रविवारी काही बंद असतात.

मग चुओ-दोरीवरून खाली या. चार-चोमेत किमुराया ही बेकरी लागते. इथे एक गोष्ट जरूर विकत घ्या, ‘आनपान’. मऊ पाव आणि आत लाल घेवड्यासारख्या बियांचं गोड सारण, आपल्या पुरणाच्या जातकुळीतलं. किमुरायाने तो 1874 मध्ये काढला. पाव फुगवायला त्यांनी तांदळापासून साके करताना वापरतात तो आंबवा घेतला. तोंडाजवळ नेला की त्याचा मंद आंबूस वास आधी येतो, गोडी मागून. पुढच्या वर्षी सम्राट मेइजींना द्यायचा म्हणून पावाच्या बेंबीत खारवलेलं चेरीचं फूल बसवलं. ते फूल आजही मिळतं. खारट, गोड, आंबूस, सगळं एका घासात. पण चालता चालता खाऊ नका, तिथे ते बरं दिसत नाही. रस्त्यातल्या खुर्चीवर बसा. कागद खिशात ठेवा, कचऱ्याचा डबा सहज सापडत नाही.

इथून वर पाहा. चौकाच्या कोपऱ्यावर वाको या दुकानाची वळणदार दगडी इमारत, माथ्यावर घड्याळाचा मनोरा. हीही 1932 सालची. सेइको घड्याळांचे संस्थापक किंतारो हात्तोरी यांच्या कंपनीची. 1945 च्या बॉम्बवर्षावात आजूबाजूचा बराच भाग जळाला, ही उभी राहिली. टोकियोत कुणी ‘गिन्झात भेटू’ म्हणालं की बहुधा या घड्याळाखालीच.

आता सरळ रस्ता थोडा सोडून पूर्वेकडे वळा. काबुकी-झा हे नाट्यगृह दिसेल. पूर्ण खेळाला वेळ नसेल तर एकाच अंकाचं तिकीटही तिथे मिळतं. आणि त्याच्याजवळच ‘नायर’ नावाचं छोटं हॉटेल आहे. पाटी वाचून आपला पाय आपोआप थबकतो. तिरुअनंतपुरमचे ए. एम. नायर 1928 मध्ये इंजिनिअरिंग शिकायला जपानला गेले, रासबिहारी बोस यांच्यासोबत स्वातंत्र्याच्या कामात पडले, आणि देश स्वतंत्र झाल्यावर 1949 मध्ये त्यांनी हे हॉटेल काढलं. इतक्या महागड्या वस्तीत एका भारतीय क्रांतिकारकाच्या हॉटेलात हळदीचा भात आणि कोंबडीचा रस्सा समोर येतो, तेव्हा घास घेण्याआधी क्षणभर थांबावंसं वाटतं.

परत मुख्य रस्त्यावर. सहा-चोमेत गिन्झा सिक्स नावाचं भलंमोठं संकुल आहे, 2017 मध्ये उघडलेलं. गच्चीवर बाग आहे, कुणीही जाऊन बसावं. त्या जागी पूर्वी मात्सुझाकाया हे दुकान होतं. 1924 मध्ये त्यांनी गिऱ्हाइकांना बूट घालूनच आत यायची मुभा दिली. त्याआधी मोठ्या दुकानांत पादत्राणं दारात काढून ठेवावी लागत. रस्त्यावरून चालत आलेला माणूस तसाच आत शिरू लागला, काही न घेता फिरून बाहेर पडू लागला. आपण आज ज्याला सहज ‘विंडो शॉपिंग’ म्हणतो, त्याच्या वाटेतला केवढा मोठा अडसर त्या दिवशी निघाला!

सात-चोमेत मात्र पाटीकडे लक्ष ठेवा. दोन इमारतींच्या मधून जेमतेम एक माणूस जाईल अशी बोळ आत जाते. तिथे तोयोइवा इनारी हे इवलंसं मंदिर आहे. लाल रंग, कोल्ह्यांच्या मूर्ती, लग्न जुळावं आणि आगीपासून राखण व्हावी म्हणून नवस. इमारती वाढल्या तरी बोळ बुजवली नाही. पुढे तर ती एका इमारतीच्या पोटातून जाते आणि वाटेत काचेचं आपोआप उघडणारं दार लागतं. उभं राहिलं की दार सरकतं आणि वाट पुढे चालू. पहिल्यांदा जाणारा हमखास मागे फिरतो. तुम्ही फिरू नका.

आठ-चोमेपर्यंत जाऊन पुन्हा चौकात या. एप्रिल ते सप्टेंबर संध्याकाळी सहापर्यंत, थंडीत पाचपर्यंत रस्ता आपला असतो. मनोऱ्यावरच्या घड्याळाचे टोल पडतात, छत्र्या मिटतात, खुर्च्या उचलल्या जातात, माणसं सावकाश कडेच्या वाटेवर सरकतात. आणि मग पहिली गाडी येते.