रेडियम नसलेलं रेडियम

[दृश्य: रात्र. कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली. मागच्या फळीवर लाल पट्टी.]

गळीत हंगाम सुरू आहे. ट्रॉली अंधारात डुलत चाललीय. मागून मोटरसायकल येते, हेडलाइट पडतो आणि फळीवरची लाल पट्टी पेटल्यासारखी चमकते. या पट्टीला आपण काय म्हणतो? रेडियम. नंबरप्लेट रेडियमची, मागच्या काचेवरचा ‘आईचा आशीर्वाद’ रेडियमचा, आणि स्टँडमागच्या दुकानावर पाटी: ‘सर्व प्रकारचे रेडियम कटिंग करून मिळेल’.

हे आमच्या हातातलं छोटं यंत्र म्हणजे गायगर काउंटर. किरणोत्सारी, म्हणजे आपोआप किरण सोडणारी, वस्तू जवळ आली की कटकट वाढते. पट्टीला टेकवून बघू.

[ध्वनी: कट्… शांतता… कट्.]

एवढी कटकट कुठंही उभं राहिलं तरी ऐकू येते. जमिनीतून, दगडातून, आकाशातून येणारी ही रोजचीच. पट्टीनं त्यात काही भर घातलेली नाही. तिच्या आत काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात. आलेला उजेड आल्या वाटेनं परत धाडायचा, एवढंच त्यांचं काम. रेडियमचा कणही नाही.

मग हे नाव आलं कुठून? घड्याळातून.

[दृश्य: चावीचं गजराचं घड्याळ. आकड्यांवर पिवळट तपकिरी रंग.]

रेडियम सापडलं १८९८ साली, मेरी आणि पिएर क्यूरी यांना. पुढं ते झिंक सल्फाइडमध्ये, म्हणजे किरण आदळले की उजळणाऱ्या पुडीत, मिसळून अंधारात चमकणारा रंग तयार झाला. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी तरुण मुली हा रंग घड्याळांच्या तबकड्यांवर भरायच्या. आकडा बारीक यावा म्हणून कुंचल्याचं टोक ओठांत धरून टोकदार करायला त्यांना शिकवलेलं होतं. दर वेळी थोडा रंग पोटात. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखं वागतं, थेट हाडांत जाऊन बसतं. दात पडले, जबडे सडले, कित्येकजणी गेल्या. १९२७ मध्ये ग्रेस फ्रायर आणि आणखी चौघी कोर्टात गेल्या. १९२८ मध्ये तडजोड झाली, प्रत्येकीला दहा हजार डॉलर आणि वर्षाला सहाशे. पण पेन्शन फार वर्षं घ्यायला त्यातल्या बऱ्याचजणी राहिल्याच नाहीत.

हे घड्याळ आता अंधारात चमकत नाही. घरातली मंडळी म्हणतात, ‘त्यातलं रेडियम संपलं.’

[ध्वनी: कटकट, दाट.]

संपलं ते झिंक सल्फाइड. किरणांचा मारा खाऊन खाऊन ते निकामी झालं. रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. १९४० च्या घड्याळातलं अजून शंभरातले चार भागही कमी झालेलं नाही. काच बंद असेल तर आजोबांची आठवण म्हणून शोकेसमध्ये खुशाल राहू द्या, उशाशी नको. हौसेनं उघडून, ब्लेडनं रंग खरवडून साफ करायला मात्र बसू नका. तो भुगा नाकातोंडात जाणं, खरा धोका तो.

[दृश्य: माळ्यावरून उतरवलेली ग्यासबत्ती. जुनी पितळी टाकी. पंप.]

ही बत्ती ओळखीची आहे? वरातीत डोक्यावर घेऊन चालायचे ती. फडातला तमाशा हिच्याच उजेडात, कोकणात रात्री खेकडे धरायला हीच. टाकीत रॉकेल, पंपानं हवा, आणि मधोमध लटकणारी पांढरी जाळीदार पिशवी. तिला दुकानात ‘मेंटल’ म्हणतात. मेंटल द्या म्हटलं की गिऱ्हाइकाला कुणी हसत नाही, ही एकच जागा.

नवा मेंटल हाताला कापडासारखा मऊ लागतो. कापडच असतं ते, थोरियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून वाळवलेलं. बत्तीला बांधून पेटवला की कापड जळून जातं, मागं उरतो थोरियम ऑक्साइडचा सांगाडा. बोट लागलं तरी भसकन पडणारा, पण आगीला मुळीच न भिणारा. तो वितळायला तीन हजार तीनशे अंश लागतात. ही करामत व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांची. बऱ्याच खटपटींनंतर १८९१ साली त्यांना प्रमाण सापडलं: नव्याण्णव भाग थोरियम, एक भाग सेरियम. त्या एका भागामुळं उजेड पांढराशुभ्र होतो.

मेंटलच्या धंद्यामुळं जगभर थोरियमचा शोध सुरू झाला. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला ते भलत्याच जागी दिसलं, त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत. केरळच्या किनाऱ्यावरची ती मोनाझाइटची वाळू. पुढं १९५५ साली मुंबईत ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना उभा राहिला. तिथलं थोरियम नायट्रेट मेंटलवाल्यांकडे जायचं.

[ध्वनी: काउंटर मेंटलजवळ. झडीसारखी कटकट.]

बघा, थोरियमही किरणोत्सारी. जिथं रेडियमची पाटी लागलीय तिथं यंत्र गप्प, आणि ज्या चिमुकल्या पाकिटावर थोरियमचं नावही नाही तिथं ते थांबायला तयार नाही.

घाबरायचं किती? थोरियमचे अल्फा किरण कागदानंही अडतात, कातडीच्या वरच्या थरातच संपतात. बत्तीशेजारी बसून जेवलेल्या वऱ्हाडाला काही झालं नसणार. फुटलेल्या मेंटलची गोष्ट वेगळी. त्याची राख फुंकर मारून उडवणारे हात आम्ही लहानपणी पाहिलेत, आणि त्याच हातांनी मळलेली तंबाखूही. राख फुंकायची नाही. ओल्या फडक्यानं टिपायची, हात धुवायचे. नवा मेंटल पहिल्यांदा पेटवायचा तो अंगणात, आणि जरा लांब व्हायचं, कारण त्या पहिल्या जाळात थोरियमपासून तयार झालेली काही किरणोत्सारी मूलद्रव्यं वाफेबरोबर सुटतात. बंद तंबूत तर नकोच. थोरियमऐवजी यट्रियम या दुसऱ्या धातूचे मेंटल मिळतात, त्यांना ही कटकट नाही.

वेल्डिंगवाल्यांसाठी एक वाक्य: टिग वेल्डिंगच्या लाल टोकाच्या टंगस्टन रॉडमध्येही दोन टक्के थोरियम असतं. ग्राइंडरवर टोक काढताना धूळ ओढून घेणारा पंखा आणि तोंडाला मास्क हवा, नाहीतर सरळ थोरियम नसलेला, लँथनमचा रॉड घ्यावा.

[दृश्य: लॉजवरचा हॉल. स्टेजवर सूटबूटातला माणूस. एकाला हात आडवा धरायला सांगतो.]

मेंटलमध्ये थोरियम घालायला निदान कारण होतं. आता हे पाहा. ‘हात दाबतो, सर. वाकला ना? आता गळ्यात पेंडंट घाला. बघा, वाकत नाही!’ दुसऱ्या वेळी हात जरा वेगळ्या जागी, वेगळ्या दिशेनं दाबला, एवढीच त्यातली जादू. पेंडंट काळं, गोल, लाव्हाचं म्हणून विकलेलं. त्यात म्हणे निगेटिव्ह आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, आहेत, मोबाइलच्या किरणांपासून ते वाचवतं.

असे ‘आयन’ आणायचा स्वस्त उपाय म्हणजे मोनाझाइटची पूड. तीच, मेंटलची आजी. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या किरणोत्सार सुरक्षा यंत्रणेनं अशी दहा उत्पादनं तपासून त्यांवर बंदी घातली. त्यांत पेंडंट होते, झोपताना डोळ्यांवर बांधायचा पट्टा होता, लहान मुलांचं ब्रेसलेटसुद्धा होतं. कमी का असेना, पण दिवसरात्र, वर्षभर कातडीला चिकटून असलेल्या किरणांनी इजा होऊ शकते, असं त्यांनी सांगितलं. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात हीच पूड गाद्यांमध्ये निघाली. लोक रोज रात्री तिच्यातून सुटणारा किरणोत्सारी रेडॉन वायू श्वासात घेत झोपत होते.

[दृश्य: स्वयंपाकघर. ओट्याशी एक काकू. गळ्यात मंगळसूत्र आणि काळं पेंडंट.]

काकूंनी हे भिशीच्या पैशांतून घेतलं. काउंटर जवळ नेला.

[ध्वनी: कटकट वाढत जाते.]

काकू ऐकतात, मान डोलावतात.

‘बघा,’ त्या म्हणतात, ‘पॉवर आहे ना त्यात!’