टार्गेट का हुकलं, हे टार्गेटचा आकडा सांगत नाही

नमस्कार. तिमाही संपली, सेल्स टीममधल्या दोघांचं टार्गेट हुकलं. मॅनेजर दोघांना समोर बसवतो आणि सांगतो, "जरा जोर लावा, कॉल वाढवा." दोघांना एकच औषध. दुखणं एकच आहे का, हे मात्र कुणी तपासलेलंच नसतं.

(स्क्रीनवर तक्ता)

हा तक्ता बघा. आकडे समजावण्यापुरते घेतलेत. एका मुलाने तीन महिन्यांत ३०० कॉल केले. त्यातून ६० मीटिंग झाल्या, ३० प्रपोजल, म्हणजे कोटेशनसह लेखी प्रस्ताव, गेली, ६ ऑर्डर आल्या. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचेही ३०० कॉल. मीटिंग २४, प्रपोजल १२, ऑर्डर ६. कॉल तेवढेच, ऑर्डर तेवढ्याच, म्हणजे तिमाहीच्या रिपोर्टमध्ये दोघं सारखेच दिसणार.

आता मधले टप्पे बघू. कॉलवरून मीटिंग ठरण्याचं प्रमाण त्याचं २० टक्के, तिचं ८. मीटिंगनंतर प्रपोजल जाण्याचं दोघांचंही ५० टक्के. आणि प्रपोजलवरून ऑर्डर? त्याचं २० टक्के, तिचं ५०. त्याला कॉल वाढवायला सांगितलंत तर प्रपोजल वाढतील आणि पाचातली चार तशीच पडून राहतील. तिला "क्लोजिंग कसं करावं", म्हणजे ऑर्डर पक्की कशी करावी, या ट्रेनिंगला पाठवलंत, तर जे तिला उत्तम जमतं तेच शिकवायला पाठवलंत.

पण थांबा, लगेच निकाल देऊ नका. आधी लीड, म्हणजे ज्यांना कॉल करायचा ते संभाव्य ग्राहक, कुठून आल्या ते बघा. त्याला वेबसाइटवर स्वतःहून चौकशी करणारे लोक मिळाले आणि तिला जुनी यादी मिळाली असेल, तर २० आणि ८ यांची तुलनाच चुकीची आहे. लीडचा प्रकार वेगळा, मग तक्ताही वेगळा करायचा. ही साधी गोष्ट बऱ्याच टीममध्ये होत नाही, आणि बिचाऱ्या माणसाचा अप्रेजल त्यात जातो.

दुसरं, आकडा लहान आहे. १२ प्रपोजलमधून ६ ऑर्डर आल्या, पुढच्या वेळी ४ आल्या, तर "घसरण झाली" म्हणून मीटिंग बोलावू नका. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञाला इस्रायली हवाई दलातले प्रशिक्षक सांगायचे की कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं, ओरडलं की सुधारतं. खरं तर फार वाईट कामगिरीनंतरची कामगिरी बहुतेक वेळा आधीपेक्षा बरी असते, आणि फार चांगलीनंतरची जरा खाली येते, कुणी ओरडो वा न ओरडो. सेल्समध्ये तर हे दर महिन्याला घडतं. झापलं, पुढचा महिना बरा गेला, आणि मॅनेजरला वाटतं आपल्या झापण्याचाच हा गुण!

समजा लीड सारख्या निघाल्या, दोन-तीन तिमाही चित्र तेच राहिलं. मग आकडे बाजूला ठेवा आणि त्या मुलाचे कॉल ऐका. सगळे नकोत, प्रपोजल पाठवण्याच्या आधीचे चार-पाच पुरेत. बहुधा असं काही ऐकू येईल. समोरचा म्हणतो, "कोटेशन पाठवून द्या, साहेबांशी बोलून कळवतो." आणि आपला मुलगा उत्साहात, "हो सर, आजच पाठवतो!" संपला कॉल. साहेब कोण, निर्णय कधी घेणार, बजेट मंजूर आहे का, पुढे कधी बोलायचं, यातलं काहीच विचारलेलं नाही. तक्त्यातला २० टक्क्यांचा आकडा इथे, या एका वाक्यात तयार होतोय.

मग कोचिंगला बसताना पहिलं वाक्य "तुझा रेट कमी आहे" हे नको. ते त्याला माहीत असतं. विचारा, "या ३० मधली २४ कुठे अडली, तुला काय वाटतं?" त्याला बोलू द्या. मग तो कॉल दोघांनी मिळून ऐका. आणि सुधारायची गोष्ट एकच ठरवा: पुढच्या बोलण्याची तारीख आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव कळल्याशिवाय कोटेशन पाठवायचं नाही. पुढचे काही आठवडे एवढंच मोजा. ऑर्डरचा आकडा मागून हलतो, तो रोज उघडून बघण्यात अर्थ नाही. प्रपोजलची संख्या आधी कमी होईल, तेव्हा घाबरू नका, तेच हवंय.

आता एक धोका. आपण मोजतोय तो आकडा इन्सेंटिव्हला जोडू नका. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये पतधोरणाबद्दल लिहिताना दाखवलं होतं की एखाद्या आकड्याचा वापर नियंत्रणासाठी सुरू झाला की त्याचा भरवसा संपतो. कॉलच्या संख्येवर पैसे लावा, वीस सेकंदांचे कॉल मिळतील. पुढच्या तारखेवर लावा, सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मनाच्या तारखा भरल्या जातील, त्याही शनिवारी संध्याकाळी एकगठ्ठा.

आणि हो, अख्ख्या टीमचाच आकडा एकाच टप्प्यावर पडत असेल, म्हणजे सगळ्यांचीच प्रपोजल अडकत असतील, तर कुणालाही कोचिंगला बसवू नका. तेव्हा किंमत, प्रपोजलचा मसुदा किंवा मार्केटिंग कुणाच्या लीड आणतंय ते तपासा. ती चर्चा तुमच्या वरिष्ठांबरोबर करायची आहे, आणि हाच तक्ता तिथे घेऊन जायचा आहे.