शंभर रुपये महिना आणि अग्नी

नमस्कार मंडळी, कसे आहात? पुणेकरांना मी वेगळं सांगायला नको, पाऊस सुरू झाला की आपण खडकवासल्याला जातोच, चौपाटीवर गाडी लावायची, भाजलेलं कणीस घ्यायचं, कांदाभजी घ्यायची आणि पाण्याकडे बघत बसायचं. मी पण जाते. पण तिथून जवळच गिरीनगरला एक गेट आहे, त्याच्याकडे आपलं कोणाचं फारसं लक्ष जात नाही. ऐंशीच्या दशकात केरळची एक विशीतली मुलगी त्या गेटमधून आत गेली, इन्स्टिट्यूट ऑफ आर्मामेंट टेक्नॉलॉजी असं तेव्हा त्या संस्थेचं नाव, आणि विषय होता गाइडेड मिसाईल, म्हणजे क्षेपणास्त्रं. मुलीचं नाव टेसी थॉमस. आज त्यांच्याबद्दलच बोलणारे.

टेसी यांचा जन्म १९६३ चा, अलप्पुळाचा. आता योगायोग बघा, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केरळातच थुंबा नावाच्या कोळ्यांच्या गावातून भारतातलं पहिलं रॉकेट उडालं, तिथल्या चर्चमध्ये ऑफिस होतं आणि रॉकेटचे भाग सायकलवरून नेल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. तर हे थुंबा आपल्याच मुलखात आहे, तिथून रॉकेट उडतात, हे ऐकत ही मुलगी मोठी झाली, आणि रॉकेटचं वेड तिथूनच लागलं असं त्या स्वतः सांगतात.

पण नुसतं वेड असून काय होतं? त्या तेरा वर्षांच्या असताना वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. घरात भावंडं पाच-सहा. आई शिक्षिकेचं शिक्षण घेतलेली, तिने आजारी नवरा सांभाळला, घर सांभाळलं आणि एकाही पोराची शाळा सुटू दिली नाही. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतली पहिली इंजिनियर ही आईच. कारण अशा वेळी आपल्याकडे सगळ्यात आधी कोणाचं शिक्षण थांबतं हे तुम्हालाही माहितीये आणि मलाही, मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, दर वर्षी एखादी हुशार मुलगी दिवाळीनंतर वर्गात दिसेनाशी होते आणि मग कळतं घरी कोणीतरी आजारी आहे.

टेसी यांना बारावीला गणितात पैकीच्या पैकी होते. त्रिशूरच्या सरकारी इंजिनियरिंग कॉलेजात नंबर लागला, पण पैसे कुठून आणायचे, तर स्टेट बँकेचं शैक्षणिक कर्ज मिळालं, महिना शंभर रुपये. फक्त शंभर! त्या शंभरावर बी.टेक. झालं, आणि मग हे पुण्याचं एम.ई. पुढे ज्यांच्याशी लग्न झालं ते नौदलातले अधिकारी, ते पण इथेच पुण्यात भेटले.

१९८८ ला त्या डीआरडीओत, म्हणजे देशासाठी शस्त्रास्त्रांचं संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेत लागल्या, हैदराबादला. तिथे तेव्हा प्रमुख होते डॉ. कलाम आणि त्यांनी या नव्या मुलीला टाकलं थेट अग्नी प्रकल्पात. तिथे त्यांनी केलेलं मोठं काम म्हणजे गाइडन्स, क्षेपणास्त्राला वाट दाखवायची पद्धत. हे जरा नीट सांगते कारण यातच खरी गंमत आहे. अग्नीत इंधन घन असतं. आपल्या घरचा गॅस कसा, नॉब फिरवला की बंद, तसं इथे नाही, हे दिवाळीतल्या रॉकेटसारखं, एकदा पेटलं की संपेपर्यंत जळणारच. आणि पोचायचंय तर नेमक्या एका ठिकाणी, हजारो किलोमीटर लांब. मग जास्तीचा जोर झाला तर काय करायचं? तर त्याला मुद्दाम वाकडी वाट द्यायची, जास्तीची ऊर्जा तिथे खर्च करायची, बसला वेळ असला की आपण गल्लीतून एक वळसा घालून स्टॉपवर जातो ना, तसं. फक्त इथे वळसा किती हे क्षेपणास्त्राने स्वतः, उडता उडता, क्षणाक्षणाला ठरवायचं. ते गणित बसवणाऱ्यांपैकी एक म्हणजे टेसी थॉमस.

आणि मंडळी, अपयशाचं पण बोलायला हवं. जुलै २००६ मध्ये अग्नी-३ चं पहिलं उड्डाण फसलं, क्षेपणास्त्र समुद्रात पडलं, सगळ्या देशाच्या बातम्यांमध्ये. टेसी त्यात असोसिएट प्रोजेक्ट डायरेक्टर होत्या. त्यानंतरचे नऊ महिने या लोकांनी कसे काढले असतील याचा विचार मी खूपदा करते, एकेक आकडा परत तपासायचा, कुठे गरम वायू आत शिरला, कुठलं आवरण जळलं ते शोधायचं आणि घरी येऊन पोराचा अभ्यास पण घ्यायचा. एप्रिल २००७ ला तेच अग्नी-३ नीट उडालं. डिसेंबर २०१० ला पुन्हा तसंच, अग्नी-२ ची सुधारलेली आवृत्ती उडाल्यावर थोड्याच वेळात बंगालच्या उपसागरात पडली. अकरा महिन्यांनी, १५ नोव्हेंबर २०११ ला, अग्नी-४ यशस्वी. प्रोजेक्ट डायरेक्टर टेसी थॉमस, भारतात क्षेपणास्त्र प्रकल्पाची प्रमुख झालेली पहिली बाई. पुढे एप्रिल २०१२ ला अग्नी-५, मग २०१८ ला डीआरडीओच्या एरोनॉटिकल विभागाच्या महासंचालक. पदं बरीच आहेत, सगळी वाचत बसत नाही.

त्यापेक्षा एक सांगते. क्षेपणास्त्र अवकाशात जाऊन परत वातावरणात शिरतं तेव्हा त्याचं टोक तीन हजार अंशांच्या वर तापतं, लोखंड पंधराशेलाच वितळतं बरं का. अग्नी-४ ला पुढे कार्बनचं आवरण होतं, आणि बाहेर एवढी आग असताना आत यंत्रांपाशी तापमान पन्नासच्या खालीच राहिलं. हे मी मागच्या वर्षी अकरावीच्या वर्गात सांगत होते, तर मागच्या बाकावरची चंद्रपूरची मुलगी, एरवी तोंडातून शब्द काढत नाही, पटकन म्हणाली, मॅडम म्हणजे आमच्याकडचा मे महिना! सगळा वर्ग हसला. तास संपला, सगळे गेले, ती तिथेच. कार्बन जळत कसा नाही मॅडम, कोळसा तर जळतो ना? मी फळ्यावर थर काढून दाखवले, तिने वहीत काढले, परत विचारलं, परत काढले, शेवटी शिपाईमामा कुलूप घेऊन दारात उभे राहिले तरी तिचा प्रश्न चालूच होता.