चादरीवरचं रक्त किती?

तुम्ही आत यायच्या आधी मी या टेबलावरच्या चादरीवर लाल रंगाचं पाणी ओतून ठेवलंय. अंदाज सांगा बरं, किती असेल? वाटीभर... मागच्या ताई म्हणतायत ग्लासभर. हे अर्धा लिटर आहे, म्हणजे सकाळी आपल्या दाराशी दुधाची पिशवी येते ना, ती एक अख्खी पिशवी. आणि तुम्ही चुकलात यात काहीच नवल नाही, लेबर रूममध्ये बाळंतिणीचं किती रक्त गेलं ते सांगताना आम्ही डॉक्टर आणि सिस्टरसुद्धा असेच चुकतो, आणि बहुतेक वेळा कमीच धरतो.

मी अगदी नवीन डॉक्टर होते तेव्हाचं सांगते. घाटाकडचं एक छोटं रुग्णालय, रात्रीची वेळ, डिलिव्हरी छान झाली, बाळ रडलं, वार पडली, बाहेर सासूबाईंनी हात जोडले आणि आम्ही सगळे बाळाभोवती. बाळंतीण म्हणाली थंडी वाजतेय, तर आम्ही तिच्या अंगावर ब्लँकेट घातलं. थोड्या वेळाने म्हणाली पाणी द्या. ब्लँकेट काढलं तेव्हा खालची गादी भिजलेली होती. जीपमधून पुण्याला निघालो, पण ती पोचली नाही. ते ब्लँकेट मीच घातलं होतं, हे मी अजून विसरले नाहीये.

होतं काय, की वार पडल्यावर गर्भपिशवी आकसून दगडासारखी घट्ट व्हायला हवी, तरच आतल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि ती सैल राहिली तर रक्त वाहतच राहतं, आणि असं जोरात वाहिलं तर बाई दोन तासांतसुद्धा जाऊ शकते. त्यात आपल्याकडे निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना ऍनिमिया, म्हणजे मुळात शिल्लकच कमी, त्यामुळे दुसरीला झेपेल तेवढं रक्त गेलं तरी हिला झेपत नाही.

आता यावरचा उपाय बघा किती साधा आहे. कमरेखाली अंथरायचं प्लास्टिक, त्याला खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा. अशी पिशवी आपल्या शेजारी बेळगावात तयार झाली, याचा मला फार अभिमान वाटतो. याच कल्पनेवर पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांत मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. रक्त मोजायचं, आणि रेघ ओलांडली की एकेक औषध देऊन वाट बघत न बसता पोटावरून चोळणं, गर्भपिशवी आकसायचं इंजेक्शन, रक्त थांबवायचं ट्रॅनेक्झॅमिक ऍसिड, सलाईन, आणि कुठून जातंय ते तपासणं, सगळं एकदम. जिवावर बेतणारा रक्तस्राव वगैरे धरून गंभीर प्रकार ६० टक्क्यांनी कमी झाले! औषधं तर आधीपासून होतीच, कधी द्यायची ते वेळेवर कळत नव्हतं.

बाळांचंही तसंच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, मिनिटाला ६० किंवा जास्त झाले तर धोका, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही द्यायचं. तिथल्या ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात त्याचं मूळ यात आहे, तेव्हा त्यांना दारातूनच पाठवू नका, बाळ उघडून दाखवा, वजन करू द्या.

देशात २००४-०६ ला लाख जन्मांमागे २५४ आया दगावत होत्या, २०१८-२० ला ९७, आणि महाराष्ट्रात ३३. खूप झालंय, खरंच खूप झालंय. पण या ३३ मधली बरीचशी नावं अशा रात्रींची असणार ज्यात कुणीतरी म्हणालं "थोडंसं जातंच की".

म्हणून घरातल्यांना सांगणं आहे, पुरुषांनासुद्धा. बाळ झालं की सगळेच बाळाकडे धावू नका, एकाने आईपाशी थांबा. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी सिस्टर पोट दाबून बघतात का, बीपी घेतात का, ते विचारा, त्यांना राग येणार नाही, आणि आला तर येऊ दे. ती थंडी वाजतेय म्हणाली, गरगरतंय म्हणाली, तर पांघरूण घालायच्या आधी ते बाजूला करून खाली बघा.