आधी मुळं दाखवा

(घरगुती बागकाम करणाऱ्यांसाठी फोंड्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, नमस्कार. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी फोनमध्ये आपापल्या ऑर्किडचे फोटो आणलेत. मघाशी दारात काहींनी ते दाखवलेसुद्धा. सगळे फोटो फुलांचे किंवा पानांचे आहेत, मुळांचा एकही नाही. आज मला बोलायचंय ते त्या मुळांबद्दलच. वांडा, सीतेची वेणी किंवा टायगर ऑर्किड यांसारखी मोठी ऑर्किडची झाडं गोव्यात घरी का जगतात आणि का मरतात, याचं उत्तर बहुतेक वेळा मुळांतच सापडतं.

वांडाचं मूळ हातात घेऊन बघा. बोरूएवढं जाड, वरून चंदेरी पांढरं, टोकाला हिरवं. तो पांढरा थर म्हणजे मृत पेशींचं स्पंजासारखं आवरण. पाणी पडलं की ते काही मिनिटांत भिजतं, पारदर्शक होतं आणि आतला हिरवा भाग दिसू लागतो. म्हणून ओलं मूळ हिरवं आणि कोरडं मूळ चंदेरी. पाणी पुरेसं झालं की नाही हे ओळखायला दुसऱ्या कुठल्या खुणेची गरज नाही. मात्र भिजल्यावर ते पुन्हा सुकलंही पाहिजे. सतत ओलं राहिलं तर ते आतून कुजतं. दाबलं तर साल सुटून येते आणि हातात नुसता दोरा उरतो.

आपल्याकडे अजूनही पुष्कळ लोक या झाडांना बांडगूळ म्हणतात आणि आंब्यावरून ओरबाडून टाकतात. बांडगूळ आपलं मूळ फांदीच्या आत घुसवतं आणि तिचा रस शोषतं. ऑर्किड फक्त सालीला धरून बसतं. त्याला लागणारं पाणी पावसातून, दवातून मिळतं आणि सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातून थोडं अन्न मिळतं. त्या आंब्याचं त्यात काही जात नाही. कृपा करून ही गोष्ट घरी जाऊन सांगा.

आता आपली हवा. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. किनारपट्टीवर थंडीतल्या रात्रीही पारा साधारण २० अंशांच्या आसपास राहतो. युरोपात ज्या झाडांसाठी काचघरं तापवावी लागतात, ती इथे ओसरीच्या कडेला राहतात. अडचणीचे काळ दोनच: पाऊस आणि त्यानंतरचे कोरडे महिने. डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी घाटाकडून कोरडा वारा येतो. तेव्हा लोक म्हणतात, "थंडी आहे, पाणी कमी घालूया." नेमकं तेव्हाच मुळं तासाभरात चंदेरी होतात.

वांडाला कुंडी लागत नाही, मातीही नको. लाकडी पट्ट्यांची किंवा प्लास्टिकची टोपली, ती जवळपास रिकामी, आणि मुळं खाली मोकळी लोंबणारी. सकाळी पाणी द्या, मुळं पूर्ण हिरवी होईपर्यंत. बादलीत बुडवून ठेवलं तर दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मार्च-एप्रिलमध्ये आणि त्या कोरड्या वाऱ्यात दुपारी पुन्हा एकदा. संध्याकाळी उशिरा पाणी घालून पानांच्या बेचक्यात ते रात्रभर ठेवू नका.

पावसाळ्यात बरीच झाडं जातात ती पागोळीमुळे. कौलांची पागोळी ज्या रेषेत पडते तिथे वांडा कधीही टांगू नये. पाऊस थेट पडतो तेव्हा तो विखुरलेला असतो. पागोळीचं पाणी मात्र एकाच जागी, तासन्‌तास, शेंड्यात पडत राहतं. वांडाला एकच शेंडा असतो आणि तो कुजला की वाढ थांबते. नवं पान तळाशी पाण्यानं भरल्यासारखं दिसतं, मग काळं पडतं आणि ओढलं की सुटून येतं. असं झालं तर तो भाग निरोगी पांढरा-हिरवा गाभा दिसेपर्यंत स्वच्छ पात्यानं कापा, कापलेली जागा कोरडी ठेवा आणि झाड वाऱ्यात टांगा. बुंधा निरोगी असेल तर काही महिन्यांनी बाजूनं पिल्लू फुटू शकतं. सीतेची वेणी रानात कशी बसलेली असते ते आठवा: फांदीवरून बाहेर झुकलेली, पानं खाली वळलेली. पाणी तिच्यावरून निथळून जातं. घरीही टोपली थोडी तिरकी टांगली तर तेच साधतं.

उन्हाबद्दल एक गोष्ट गोव्यात हमखास चुकते. "आमची बाल्काव (ओसरी) उत्तरेला आहे, तिथे ऊन येतच नाही." येतं. आपण साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मग ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे मेच्या कडक उन्हात उत्तरेची बाजूच तापते आणि डिसेंबरात ऊन दक्षिणेकडून तिरकं थेट ओसरीत शिरतं. जागा वर्षभर एकच ठेवण्यापेक्षा दोन खिळे ठोका. रोप बरं आहे की नाही ते पानांच्या रंगावरून कळतं. गडद हिरवी, लुसलुशीत, लोळणारी पानं म्हणजे उजेड कमी आणि फूल येणार नाही. पिवळसर हिरवी आणि ताठ म्हणजे ठीक. वाळलेले पांढरट डाग म्हणजे ऊन लागलं. रोपवाटिकेत ते ५० टक्के सावलीच्या जाळीखाली वाढलेलं असतं, म्हणून घरी आणल्यावर हळूहळू उजेडाकडे सरकवा.

खत थोडं आणि वारंवार. १९-१९-१९ किंवा २०-२०-२० (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं) पाण्यात विरघळणारं, लिटरला अर्धा ग्रॅम, वाढीच्या दिवसांत आठवड्याला एकदा, ओल्या मुळांवर. मधूनमधून नुसत्या पाण्यानं धुवा. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारट होत असेल तर त्यानं मुळांची टोकं काळी पडतात. शक्य असेल तर पावसाचं पाणी साठवा.

टायगर ऑर्किड वेगळंच प्रकरण आहे आणि मला सगळ्यांत जास्त लोभ त्याचाच आहे. मलेशिया, इंडोनेशियाच्या जंगलातलं हे झाड ऑर्किडमध्ये सर्वांत अवजड. त्याच्या काठ्या अडीच-तीन मीटरपर्यंत जातात, फुलांचा तुरा दोन मीटर, पिवळ्या पाकळ्यांवर तपकिरी ठिपके. सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमध्ये १८६१ मध्ये लावलेलं एक झाड आजही आहे, पाच मीटरहून रुंद. हे टांगायचं नसतं. अंगणात चिऱ्यांचा ओटा करा, त्यावर चिऱ्याचे तुकडे आणि कोळसा, थोडी सोडणं (नारळाची वरची तंतुमय सालं), आणि भरपूर ऊन. सोडणं आधी काही दिवस भिजवून पाणी बदलत राहा, आणि आपल्या पावसात ती जास्त घालू नका. दोन वर्षांत त्यांचा लगदा होतो. या झाडाच्या बुंध्याभोवती पांढरी, सुईसारखी मुळं वरच्या दिशेनं वाढतात. ती पाहून लोक घाबरतात आणि कापून टाकतात. रानात ती मुळं पडणारा पालापाचोळा धरून ठेवतात आणि तोच झाडाचं खत होतो. त्यांना हात लावू नका, त्यात चार सुकी पानं पडू द्या. फुलायला वर्षं लागतात. ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांनी हे झाड घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या सत्तरी, सांगे तालुक्यांतल्या आंब्या-फणसांवर मे-जूनमध्ये सीतेची वेणी फुलते. ती रस्त्याकडेला विकायला येते तेव्हा मुळं बहुतेक तुटलेली असतात आणि बरीच रोपं जगत नाहीत. ऑर्किडच्या बीमध्ये अन्नसाठा नसतो, रानात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीनंच रुजतं. म्हणून काढलेल्या झाडाची जागा लवकर भरत नाही. १९२२ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नड्सन यांनी साखरयुक्त माध्यमावर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं. आज प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं मिळतात, तीच घ्या. वादळात आपल्याच अंगणातली फांदी पडली आणि तिच्यावर ऑर्किड असलं तर ते उचलून दुसऱ्या झाडावर बांधा. आंबा, फणस, चिकू चालतात. पेरू नको, त्याची साल सुटत राहते. पहिल्या पावसाबरोबर, नवी मुळं फुटत असताना, सुती चिंधीनं इतकं घट्ट बांधा की वाऱ्यानं हलणार नाही. हललं तर मुळांची कोवळी टोकं घासून तुटतात.

नवं मोठं झाड विकत घेणार असाल तर चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) घ्या, पाऊस ओसरतो आणि उजेड वाढतो तेव्हा. फुलांकडे बघू नका. टोकं हिरवी असलेली किमान तीन-चार मुळं मोजा आणि मग पैसे द्या. ज्यांनी आज रोपं आणलीत त्यांनी ती या टेबलावर ठेवा. कुंडीतली असतील ती कुंडीतून बाहेर काढूनच आपण एकेक बघू.